कळवळा येतो कुठून?

खेळताना कुणी धपकन पडलं, गुडघा फुटला, की तुमच्यातलं कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन धावतंच. लागलेलं असतं त्याला आणि चेहरा कळवळतो आपला! असं का होतं बरं?

आजीला विचारा. ती म्हणेल, “अरे, भुकेल्याला घास द्यावा, दुखल्याखुपल्याला हात द्यावा, ही देवाधर्माची शिकवण आहे.” मोठ्या ताईला विचारा. ती म्हणेल, “पण देव न मानणारी माणसंही मदत करतातच की! माणूस मुळातच तसा असतो.”

हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे २३०० वर्षांपूर्वी चीनमध्ये मेंशियस नावाचे विचारवंत होऊन गेले. ते म्हणत, एखादं मूल विहिरीत पडतंय असं अचानक दिसलं, तर कुणाच्याही काळजात धस्स होईल. लोकांनी वाहवा करावी म्हणून नव्हे, मुलाच्या आईबाबांशी ओळख व्हावी म्हणूनही नव्हे. ते आपोआपच होतं.

आपोआप? मग ते तपासून कसं पाहायचं? ज्यांना अजून गोष्टी-प्रार्थना समजत नाहीत, अशांनाच गाठलं तर?

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो या शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. त्यांनी दीड वर्षाची २४ बाळं खेळायला बोलावली. समोर एक अनोळखी दादा दोरीवर कपडे वाळत घालतोय. त्याच्या हातून चिमटा खाली पडतो. तो वाकून हात लांब करतो, पण चिमटा काही हाती येत नाही. बाळ बघतं, दुडुदुडु चालत जातं, चिमटा उचलतं आणि त्याच्या हातात देतं! बहुतेक वेळा हे पहिल्या दहा सेकंदांतच झालं, दादाने तोंडातून शब्द काढायच्या आधी. ना शाबासकी, ना खाऊ. २४ पैकी २२ बाळांनी एकदा तरी मदत केली. आणि गंमत म्हणजे दादाने चिमटा मुद्दाम फेकला, तर बाळं सहसा उठायची नाहीत. गरज कधी आहे आणि कधी नाही, हे त्यांना नीट कळत होतं. हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला.

दोन वर्षांनी याच दोघांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मदत केल्यावर काही बाळांना बक्षीस म्हणून खेळणं दिलं. नंतर बक्षीस बंद केल्यावर हीच बाळं मदतीला कमी येऊ लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ती मात्र आधीसारखीच मदत करत राहिली.

“पण दीड वर्षात बाळ घरच्यांना बघून शिकलं असेल ना?” असं तुम्ही विचाराल. शंका अगदी बरोबर आहे. म्हणून ज्यांना कुणी गोष्टी सांगत नाही, अशा उंदरांकडे आता जाऊ.

अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात २०११ साली एका उंदराला पारदर्शक नळीत कोंडलं. दार फक्त बाहेरून उघडायचं. त्याचा पिंजऱ्यातला सोबती मोकळा होता. तो नळीभोवती फेऱ्या मारायचा, नळी कुरतडायचा, फटीतून मिशा आत घालायचा. काही दिवसांनी त्याला दार उघडण्याची युक्ती सापडली. त्यानंतर रोज तो आल्याबरोबर सोबत्याला सोडवू लागला. नळी रिकामी असली किंवा आत खेळण्यातला उंदीर असला, तर तो ही खटपट करत नसे. दुसऱ्या नळीत चॉकलेटचे पाच तुकडे ठेवले, तेव्हा त्याने दोन्ही दारं उघडली, आणि बऱ्याचदा एखाद-दोन तुकडे सोबत्यासाठी राहिले!

उंदराला फक्त सोबत हवी असेल, असंही काही शास्त्रज्ञ म्हणतात. तो वाद अजून चालू आहे. पण सुटलेला उंदीर वेगळ्या कप्प्यात जाईल अशी सोय केली, तरी मोकळा उंदीर दार उघडतच राहिला. पुढे मोकळ्या उंदराला घबराट कमी करणारं औषध दिलं, तर तो चॉकलेटचं दार उघडायचा, पण सोबत्याचं नाही. म्हणजे कोंडलेल्याची तगमग त्याला स्वतःला लागते, तेव्हाच तो धावतो.

तर मग ताईचंच बरोबर, असं म्हणून थांबायचं का? थांबा, खरी मेख पुढे आहे.

शिकागोच्या उंदरांवर २०१४ साली आणखी एक प्रयोग झाला. पांढऱ्या उंदराने अनोळखी पांढऱ्या उंदराला सोडवलं. पण काळ्या डोक्याचा अनोळखी उंदीर कोंडलेला असला, तर त्याने दार उघडलंच नाही! मग त्याला काळ्या डोक्याच्या एका उंदराबरोबर दोन आठवडे राहू दिलं. त्यानंतर तो तसल्या अनोळखी उंदरांनाही सोडवू लागला. आणि जन्मापासून काळ्या डोक्याच्या उंदरांतच वाढलेल्या पांढऱ्या उंदराने अनोळखी पांढऱ्यांना मदत केली नाही. रंग महत्त्वाचा नव्हताच. कुणाबरोबर राहिलो, ते महत्त्वाचं होतं.

म्हणजे कळवळा उपजत असतो, पण तो आधी ‘आपल्यां’पुरताच धावतो. ‘आपले’ कोण, हे मात्र बदलता येतं. आजीचं म्हणणं इथे फार मोलाचं ठरतं. गंगेच्या पाण्याची कावड रामेश्वराला नेताना संत एकनाथांनी ते पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या का सांगतो? ‘आपल्यां’मध्ये गाढवही येतं, हे मनावर ठसावं म्हणून. गुरुद्वारातल्या लंगरमध्ये कुणालाही जात-धर्म न विचारता जेवायला वाढतात. तिथे अनोळखी माणसं रोज एका पंगतीत बसतात.

पण नुसती गोष्ट माहीत असून भागत नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या भल्या माणसाची, बायबलमधली गोष्ट सांगायला जायचं होतं. वाटेत दारापाशी एक माणूस कण्हत, खोकत बसवला होता. ज्यांना घाई नव्हती, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना “उशीर झालाय, पळा!” असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. कोण कुठली गोष्ट सांगणार होतं, याने विशेष फरक पडला नाही.

घाईसारखी भीतीही आड येते. समाजसेवक बाबा आमट्यांना पावसात गटाराशेजारी पडलेला कुष्ठरोगी पहिल्यांदा दिसला, तेव्हा भीती वाटली आणि ते घरी निघून गेले. मग त्यांनाच चैन पडेना. ते परत आले आणि त्याची सेवा केली. पुढे वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं राहिलं. भीती गेली ती जवळ गेल्यामुळे.

मला या सगळ्यातून एक गोष्ट पक्की पटली आहे. कळवळा आपण जन्मतः घेऊन येतो, म्हणून तो कुठल्या एका धर्माच्या मालकीचा नाही. पण तो लांबवर पोचावा यासाठी खटपट करावी लागते. चांगला धर्म ती खटपट करतो, चांगली शाळा करते, आणि तुम्हीही करू शकता.

तेव्हा या आठवड्यात मधल्या सुट्टीत अशा कुणाजवळ डबा घेऊन बसा, ज्याच्याशी तुम्ही आजवर बोललेला नाहीत. घाई करू नका. त्याच्या घरी कोण कोण आहे, कुठला सण असतो, त्याला काय खायला आवडतं, ते विचारा. आठवडाभर रोज बसा, आणि काय काय कळलं ते आम्हाला पत्राने कळवा.