वानखेडेवरची कसोटी

ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाचा २०२३-२४चा भारत दौरा मुंबई आणि नवी मुंबईतच पार पडला. वानखेडेवर एक कसोटी व तीन एकदिवसीय सामने, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन टी-२०. वानखेडे आहे चर्चगेट स्थानकाजवळ, म्हणजे पालघर-बोईसर ज्या पश्चिम रेल्वेमार्गावर आहेत त्याच्या दक्षिण टोकाला. पालघरहून हे अंतर सुमारे ९० किलोमीटर, बोईसरहून आणखी थोडे जास्त. शिवाय विरारच्या पुढे लोकल मोजक्याच. पालघरचा क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर बोईसरच्या शाळेकडून खेळताना प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. रोजच्या प्रवासात मुलाची दमछाक होऊ नये म्हणून लाड यांनी त्याला बोरिवलीत स्वतःच्या घरी ठेवून घेतले. या पट्ट्यातल्या मुलींना अशी सोय मिळणे तर त्याहून कठीण.

रेल्वेने मात्र महिला क्रिकेटला वेगळाच हात दिला. पश्चिम रेल्वेत नोकरी करणाऱ्या माजी कर्णधार डायना एडलजी यांनी खेळाडू मुलींना रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून पाठपुरावा केला. पुढे अनेक वर्षे देशांतर्गत स्पर्धांवर रेल्वेच्याच संघाचा दबदबा राहिला.

त्याच रेल्वे संघातून आलेली स्नेह राणा या दौऱ्यातल्या कसोटीत सामनावीर ठरली. २१ डिसेंबरला सामना सुरू झाला. महिलांची कसोटी बहुधा चार दिवसांची असते. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव २१९ धावांत आटोपला. भारताचे सात गडी २७४ धावांवर बाद झाले तेव्हा आघाडी फार वाढेल असे दिसत नव्हते; पण दीप्ती शर्मा आणि पूजा वस्त्रकार यांनी आठव्या गड्यासाठी १२२ धावा जोडल्या नि भारताने ४०६पर्यंत मजल मारली. तिसऱ्या दिवशी ताहलिया मॅकग्रा आणि अलिसा हिली यांची जोडी जमली होती. तेव्हा कर्णधार हरमनप्रीत कौरने चेंडू स्वतःच्या हाती घेतला आणि दोघींनाही माघारी धाडले. सामन्याला खरी कलाटणी इथेच मिळाली. शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाचे उरलेले पाच गडी अवघ्या २८ धावांत गेले आणि राणाचे सामन्यात सात बळी झाले. विजयासाठी ७५ धावा हव्या होत्या. सांगलीच्या स्मृती मानधनाने नाबाद ३८ धावा केल्या आणि भारत आठ गडी राखून जिंकला. १९७७पासूनच्या अकरा कसोटींत ऑस्ट्रेलियावरचा हा भारताचा पहिलाच विजय.

या विजयाचे मोल कळायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : नोव्हेंबर २०१४ ते जून २०२१ या काळात भारताच्या महिला संघाला एकही कसोटी खेळायला मिळाली नव्हती. हा त्या पिढीवरचा अन्यायच होता.

पुढचे सामने ऑस्ट्रेलियाने गाजवले. दुसऱ्या एकदिवसीय सामन्यात रिचा घोषने ९६ धावा करूनही भारत तीन धावांनी हरला. एकदिवसीय मालिका ऑस्ट्रेलियाने ३-० अशी, तर टी-२० मालिका २-१ अशी जिंकली.