मणी मोजायला गेलेली पोरं

जपानच्या रग्बी संघात तोंगा या चिमुकल्या देशाचे खेळाडू दिसले, की ‘बाहेरून आणलेली माणसं’ हा शेरा ठरलेला. मला तो अन्यायाचा वाटतो, कारण ही वाट पैशाने पडलेली नाही. ती पाडली सोरोबानने, म्हणजे आपल्याकडच्या क्लासमध्ये मुलं शिकतात त्या ॲबॅकसच्या जपानी भावंडाने. वरचा मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे. तोंगाचे राजे चौथे तौफाआहाउ तुपोउ यांना त्याचं वेडच होतं. ही विद्या आपल्या शाळांतही यावी, म्हणून १९८० मध्ये नोफोमुली ताउमोएफोलाउ आणि होपोई ताइओने हे दोन तरुण जपानच्या दाइतो बुंका विद्यापीठात शिकायला गेले. तिथे ते रग्बीही खेळू लागले आणि काही वर्षांतच जपानच्या राष्ट्रीय संघात पोचले.

त्यांच्या मागून सिनाली लातू आला. तो खेळायचा ‘नंबर एट’वर. स्क्रममध्ये आठ जण एकमेकांत गुंतून रेटा देत असताना चेंडू सरकत येतो तो शेवटच्या गड्याच्या पायाशी. तो बाहेर द्यायचा, की स्वतः उचलून समोरच्या भिंतीत घुसायचं, हे त्याने क्षणात ठरवायचं असतं. लातू घुसायचा. १९८९ मध्ये टोकियोत जपानने स्कॉटलंडला २८-२४ असं हरवलं, त्या संघात तो होता. १९९१ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध जपानने विश्वचषकातला पहिला विजय मिळवला, तेव्हाही होता. तीन विश्वचषक तो जपानकडून खेळला आणि तिथलंच नागरिकत्व घेऊन राहिला. अशा माणसाला पाहुणा कसं म्हणायचं?

विश्वचषकातला पुढचा विजय यायला तब्बल २४ वर्षं लागली. २०१५ मध्ये ब्रायटनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी चेंडू तोंगात जन्मलेल्या अमानाकी माफीकडे आला. अंगावर आलेल्या बचावपटूला हाताने लोटत त्याने तो कार्न हेस्केथकडे दिला. ट्राय झाली, जपान ३४-३२ ने जिंकला. हेस्केथचा जन्म न्यूझीलंडचा. जपानच्या रग्बीतला सर्वांत मोठा क्षण या दोघांच्या हातांतून गेला.

तोंगाच्या बाजूने पाहिलं, तर मात्र जीव तुटतो. लोकसंख्या जेमतेम एक लाख. परदेशी गेलेल्यांनी धाडलेल्या पैशावर तिथली असंख्य घरं चालतात, त्यामुळे पोरांना थांबवणार तरी कोण? रग्बीत कुठल्या देशाकडून खेळायचं हे ठरवताना पासपोर्टपेक्षा जन्म, आईवडील किंवा आजीआजोबांचं मूळ, नाहीतर वास्तव्य पाहिलं जातं. पूर्वी सलग तीन वर्षांचं वास्तव्य पुरे होई, आता पाच लागतात. २०२२ पासून आणखी एक दार उघडलं. एका देशाकडून खेळलेल्याला तीन वर्षांच्या खंडानंतर एकदाच जन्मभूमीकडून किंवा आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या देशाकडून खेळता येतं. तोंगात जन्मलेला मलाकाई फेकितोआ २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या विश्वविजेत्या संघात होता. २०२३ च्या विश्वचषकात तो तोंगाची लाल जर्सी घालून उतरला.