बुरशीची बुरशीशी झुंज

हरभऱ्याची पेरणी जवळ आली, की कृषी सेवा केंद्रांत ट्रायकोडर्माच्या पुड्यांना मागणी येते. किलोभर बियाण्याला चार-पाच ग्रॅम भुकटी चोळली, की मर रोगाला आळा बसतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. मात्र एका शेतात हुकमी ठरलेली भुकटी दुसऱ्या शेतात का फसते, हे कळायला मातीतल्या रेणूंपर्यंत उतरावे लागते.

ट्रायकोडर्मा स्वतः बुरशी असून दुसऱ्या बुरशीवर जगतो, हे रिचर्ड वाइंडलिंग यांनी 1932 मध्ये दाखवले. मातीतली रायझोक्टोनिया ही बुरशी त्याच्या तंतूंना बळी पडत होती. हा हल्ला स्पर्श होण्याआधीच सुरू होतो. ट्रायकोडर्मा बुरशीच्या पेशीभित्तिकेतले कायटिन तोडणारे विकर थोडेथोडे सतत सोडत असतो. जवळ दुसरी बुरशी असेल, तर तिच्या पेशीभित्तिकेचे बारीक तुकडे सुटून पसरतात आणि तीच त्याच्यासाठी खूण ठरते. मग विकरांचा मारा वाढतो. ट्रायकोडर्मा अॅट्रोव्हिरिडेतले जीपीआर-1 हे संवेदक प्रथिन दाबून पाहिले, तेव्हा त्याला जिवंत भक्ष्याला वेढा घालता येईना आणि विकरांची जनुकेही जागी होईनात.

विकरांच्या जोडीला पेप्टायबॉल नावाचे छोटे पेप्टाइड असतात. विकर भित्तिका फोडतात, तर पेप्टायबॉल पेशीपटलाला छिद्रे पाडतात आणि भित्तिकेची डागडुजीही रोखतात. दोन्ही एकत्र आले, की परिणाम कितीतरी वाढतो. 1994 मधल्या प्रयोगांनी ते सिद्ध केले.

ट्रायकोडर्माच्या तीन भावंड-जातींची तऱ्हाही निराळी. समोर तीच रायझोक्टोनिया असताना अॅट्रोव्हिरिडे विकरांवर भर देतो, व्हिरेन्स ग्लायोटॉक्सिन हे विष बनवण्याची जनुके चालवतो आणि रीसेई मुख्यतः अन्न मिळवण्याच्या मागे लागतो. म्हणूनच पुडीवर नुसते ‘ट्रायकोडर्मा’ छापलेले पुरेसे नाही.

भक्ष्यही गप्प बसत नाही, आणि या विषयाचा खरा गाभा इथेच आहे. गव्हावरच्या काही फ्युजेरियम जाती डीऑक्सिनिव्हॅलेनॉल हे विष तयार करतात. धान्यातून पोटात गेले तर ते माणसाला आणि जनावरांना बाधते. 2003 मध्ये दिसून आले, की हेच विष अॅट्रोव्हिरिडेच्या कायटिन तोडणाऱ्या विकरांपैकी एकाचे जनुक मंदावते. म्हणजे शिकाऱ्याचे हत्यारच बोथट होते. उलट, क्लोनोस्टॅकिस रोझिया ही दुसरी शिकारी बुरशी फ्युजेरियमच्याच झिअॅरॅलेनोन विषाचे विघटन करते. ती क्षमता देणारे जनुक काढून टाकले, तर तिची रोग आवरण्याची ताकद घटते.

तेव्हा जैविक भुकटीचा कस रोगकारक बुरशी तिला काय उत्तर देते यावर ठरतो. प्रयोगशाळेतल्या एकाच सोयीच्या शत्रूवर तपासून वाण निवडणे अपुरे आहे. पुडी घेताना शेतकऱ्याने वाणाचे नाव विचारावे, आणि आपल्या भागातल्या मर रोगाच्या बुरशीवर त्याची चाचणी झाली आहे का, हेही आवर्जून विचारावे.