उतारावरील परसांतील पायऱ्या

चिपळूणच्या बाजूस बरींच घरें टेकडीच्या उतारावर असून अंगणांतून परसांत व पुढें वाडींत उतरण्यास जांभ्या दगडाची पाखाडी असते. येथें वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. पाखाडी ढांसळते ती पायांनीं नव्हे, तर मागून येणाऱ्या पाण्यानें. म्हणून पायऱ्या घालण्यापूर्वीं पाण्याची वाट ठरवावी, असें आमचें शेतकरी बंधूंस आग्रहाचें सांगणें आहे.

प्रथम वरच्या टोंकापासून दोरी पाणसळींत ताणून एकंदर उतार मोजावा. तो ६० इंच भरल्यास ६ इंच उंचीच्या १० पायऱ्या होतात. उंचीची दुप्पट व रुंदी मिळून सुमारें २५ इंच यावे. अर्थात् रुंदी १३ इंच ठेवावी. जागा लांब असल्यास मध्यें टप्पा ठेवावा, परंतु उंची कोठेंही बदलूं नये. डोक्यावर भारा असलेल्या माणसास पायरी दिसत नाहीं, तो पायाच्या संवयीनेंच उतरतो.

काम खालून वर न्यावें. पहिल्या पायरीखालीं घट्ट जमीन लागेपर्यंत पाया खणावा. वरचा चिरा खालच्याच्या मागील कडेवर दोन इंच टेंकवावा. चिऱ्यांमागें मातीऐवजीं खडी भरावी व प्रत्येक पायरीस फुटामागें पाव इंच पुढें ढाळ द्यावा. पाखाडीच्या माथ्यावर आडवा चर खणून डोंगराचें पाणी बाजूस काढावें.

ताजा जांभा मऊ असतो, तेव्हांच तासून घ्यावा. पुढें हवेनें तो कठीण होतो. दिवाळीनंतर आरंभ करून मृगापूर्वीं काम संपवावें. पावसाळ्यांत शेवाळ वरचेवर घांसून काढावें. त्याची हयगय घरांतील वृद्धांस भोंवते.