वाशीममध्ये शिकार आणि मासेमारी : काय चालते, काय नाही

‘परवाना काढला की हंगामात ससा-तितर मारता येतो’ हे वाशीम, रिसोड, मानोऱ्याच्या बाजूला अजूनही ऐकू येते. जुन्या माणसांच्या आठवणीत ते खरेही आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात शिकारीच्या परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. तेव्हापासून छंदासाठी शिकारीचा परवाना कुठल्याच कार्यालयात मिळत नाही, आणि शिकारीचा हंगामही उरलेला नाही.

‘जनावर पडलेच नाही, मग गुन्हा कसला?’ हाही तसाच समज. कायद्याच्या लेखी फास लावणे, सापळा मांडणे, आमिष टाकणे, जनावर हाकून आणणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणे, इतकेच काय, नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच आहे. छऱ्याच्या बंदुकीने लावा टिपणारी हौशी पोरे याच कलमात सापडतात. सुधारित कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यात साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. काळवीट, मोर, घोरपड असे पहिल्या अनुसूचीतले प्राणी असतील, किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर कैद किमान ३ आणि कमाल ७ वर्षे.

सर्वांत जास्त गोंधळ शेतकऱ्यांच्या बाबतीत आहे, आणि त्यांची अडचण खरी आहे. सोयाबीन-तूर उभी असताना रोही आणि रानडुकरांचा कळप रात्रीत वावर साफ करतो. पण पीकसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, जनावर मारण्याचा नव्हे. त्यासाठी वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. ती नुकसान थांबवण्यासाठी असते. शहरातल्या पाहुण्यांना सोबत नेऊन तिची मौज करता येत नाही. कुंपणाच्या तारेत करंट सोडणे तर कोणत्याच परवानगीत बसत नाही. त्या तारेला माणसेही मेली आहेत. नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मागणे हा रस्ता संथ आहे, तरी तोच सुरक्षित आहे.

‘पारध्यांना शिकारीची सूट आहे’ असेही बोलले जाते. तशी सूट नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क मान्य केला, पण शिकार आणि सापळा लावणे स्पष्ट शब्दांत वगळले. मात्र या समाजाला केवळ आरोपी म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. पाखराची चाल त्यांच्याइतकी कोणाला कळते? कारंजा येथील ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊनच माळरान आणि तणमोर वाचवण्याचे काम करत आली आहे.

मासेमारीचे गणित निराळे आहे. इथे सरसकट बंदी नाही, पण ‘धरण सरकारचे, मासे कोणाचेही’ हेही खरे नाही. मत्स्यव्यवसाय विभाग बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. संस्था पैसे भरून त्यात बोटुकली सोडते. कटला, रोहू, मृगळ त्यातूनच वाढतात. म्हणून गळ टाकण्याआधी संस्थेला विचारावे, कारण त्या पाण्यावर भोई कुटुंबांची चूल पेटते. विष कालवणे, डायनामाइट फोडणे हे कोणीही केले तरी गुन्हाच आहे. काटेपूर्णा अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय मासे धरू नयेत. अभयारण्यात नुसते शस्त्र घेऊन शिरायलाही पूर्वपरवानगी लागते.

जून-जुलैची मासेमारी बंदी समुद्रासाठी आहे, ती अडाण किंवा एकबुर्जीच्या धरणाला लागू होत नाही. तरीही आपल्याकडचे बहुतेक मासे पावसाळ्यातच अंडी घालतात. पुराच्या पाण्यात चढणीला लागलेला, पोटात अंडी असलेला मासा हौशी माणसाने सोडून द्यावा. जाळ्यात किंवा गळाला कासव आले तर ते लगेच पाण्यात सोडावे. त्याला घरी नेणे म्हणजे थेट वन्यजीव कायद्याचा गुन्हा.

रानात फिरण्याची ओढ असेल तर दुर्बीण घेऊन कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यात जा, आणि निघण्यापूर्वी प्रवेशाच्या वेळा वन कार्यालयात विचारून घ्या.