मला चहा चालत नाही!

वसतिगृहात राहिलेल्या माणसाला दोन हिशेब पाठ असतात. एक मेसमधल्या खाड्यांचा आणि दुसरा कोणी कोणाला किती वेळा चहा पाजला याचा! पहिला वहीत लिहिलेला असतो. दुसरा कोणी लिहीत नाही आणि कोणी विसरतही नाही.

१९९९ साली मी पुण्याला शिकायला आलो, तेव्हा खोलीत आम्ही तिघे होतो. एक सांगलीकडच्या द्राक्षबागाइतदाराचा मुलगा. दुसरा मी, कारकुनाचा मुलगा, म्हणजे महिन्याच्या वीस तारखेपर्यंत श्रीमंत. आणि तिसरा मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा. त्याला आपण माधव म्हणू. पहिल्याच आठवड्यात माधवने जाहीर करून टाकले, “मला चहा चालत नाही. पित्त होतं.” सिनेमाने त्याचे डोके दुखे. रविवारी संध्याकाळी मेस बंद असे. आम्ही हॉटेलात निघालो की तो म्हणे, “दुपारचंच अजून पोटात आहे.” आम्हांला ते पटे. सोयीचे असलेले त्या वयात लगेच खरे वाटते.

बागाइतदाराचा मुलगा दिलदार होता, हे सांगितलेच पाहिजे. “चल रे, पैसे मी देतो!” असे तो म्हणे, मात्र जिन्यात उभा राहून, चार खोल्यांना ऐकू जाईल असे. माधव कधीमधी जाई. पुढे माझ्या लक्षात आले, की सकाळी त्याच्या बादलीत गरम पाणी माधव आणून ठेवतो, त्याचे निबंध माधवच्या अक्षरात असतात आणि सुट्टी लागली की त्याची बॅग एस्. टी. स्टँडवर माधवच पोचवतो. एकाने कधी सांगितले नव्हते, दुसऱ्याने कधी नाकारले नव्हते. दोघेही याला मैत्रीच म्हणत. ती नव्हती, असे तरी मी कोणत्या तोंडाने म्हणू?

कारण माझा पराक्रम याहून वाईट. ‘गावाला जातो’ म्हणून माधव मेसमध्ये खाडे लावी. एकदा तास बुडवून मी अवेळी खोलीवर आलो, तो स्वारी वाळलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात बसलेली! “दार लाव,” एवढेच तो म्हणाला. मला गहिवरून आले आणि मी त्याची मेसची थकलेली बाकी, तीनशे रुपये, गुपचूप भरून टाकली. मेसच्या काकूंनी ते कौतुकाने त्यालाच सांगितले. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. मग वीस-तीस रुपये करीत त्याने सारे फेडले. शेवटचे दहा रुपये टेबलावर ठेवले, त्या संध्याकाळी तो टपरीवरून दोन कप चहा घेऊन आला आणि एक स्वतः प्यायला. पित्तबित्त काही झाले नाही.

आता मी शिकवतो. गेल्या वर्षी आमच्या मराठी विभागाची सहल साताऱ्याला न्यायचे ठरले. तिथे १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले आणि सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली. मुले स्वयंपाक स्वतः करीत. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले. कोणाच्याच खिशात काही नाही, तिथे चहा कोणी पाजायचा हा प्रश्नच नव्हता! हे सारे मी वर्गात रंगवून सांगितले.

इकडे वर्गणी फोनवरून गोळा होत होती. २०१६ साली यूपीआय आल्यापासून मुले वडापावचेसुद्धा तीन भाग पाडून जागच्या जागी चुकते करतात. मला हे बरेच वाटते. मिंधेपण उरत नाही. पण वर्गप्रतिनिधीने ग्रुपवर यादी टाकली, पैसे न आलेल्यांची. रोज नावे कमी होत गेली आणि शेवटी एकच उरले, वसतिगृहातल्या एका मुलीचे. मी यादी काढायला लावली. “तिचं मी बघतो,” असेही सगळ्यांसमोर म्हणालो. म्हणजे इतक्या वर्षांत मी काही शिकलो नव्हतो.

सहलीच्या सकाळी मैत्रिणीच्या हाती तिची चिठ्ठी आली. पाय मुरगळला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी जिना चढत होतो. ती माझ्या पुढे, दोन-दोन पायऱ्या एकदम घेत चालली होती. वळणावर तिने मला पाहिले आणि ती लंगडू लागली.