गाडी खाली घ्यावी काय?

उलवे हे गाव पनवेल तालुक्यात आहे. पूर्वी इथे भाताची खाचरे होती, शेजारी खाडी होती. आता सिडकोने वसवलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. उलव्याची टेकडी फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि तिथे विमानतळ बांधला. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याच्याही आधी, १२ जानेवारी २०२४ रोजी, शिवडीहून येणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले होते.

जिथे घरे उठतात, तिथे माल लागतो. सिमेंट, फरशी, पाण्याचे जार, भाजीचे क्रेट, बिऱ्हाडाचे सामान. हा माल वाहते कोण? पिकअप गाडी. शेती गेली तेव्हा कित्येक घरांनी अशा गाडीवर संसार उभा केला. गाडीचा हप्ता आणि घरची चूल, दोन्ही तिच्या चार चाकांवर चालतात.

अशा गाडीबद्दल एक प्रश्न तरुण चालक हमखास विचारतात. "गाडी जरा खाली घेतली तर? दिसायला झोकदार दिसेल. हौदा खाली आला की माल चढवायलाही सोपे." प्रश्न वाजवी आहे. म्हणून आपण तो नीट समजून घेऊ.

पाटा काय काम करतो?

बैलगाडीला पाटे नसतात. चाक खड्ड्यात गेले की हिसका थेट माणसाच्या कमरेला बसतो. टांग्याला मात्र कमानी असत, म्हणून टांग्यात बसणे सुखाचे. पिकअपच्या मागच्या बाजूला त्याच जातीची कमान असते. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक ठेवून यू बोल्टने धुऱ्याला आवळलेल्या असतात. यालाच आपण पाटा म्हणतो.

ओझे पडले की पाटा सपाट होत जातो. खड्डा आला की तो आणखी दबतो आणि पुन्हा वर येतो. हे दबणे फार झाले, तर धुरा चेसिसवर आदळू नये म्हणून मध्ये रबराचा ठोकळा असतो. शॉकअपचे काम वेगळे. तो ओझे उचलत नाही. पाटा वरखाली नाचत राहू नये, म्हणून तो त्याला आवरतो.

म्हणजे धुरा आणि रबर यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तीच गाडीची खरी शिल्लक. गाडी खाली घेणे म्हणजे या शिल्लकीतून उचल करणे.

हिशेब करून पाहू

समजा, रिकाम्या गाडीत ही मोकळी जागा ४ इंच आहे. एक टन माल भरला की पाटा ३ इंच दबतो. राहिला १ इंच. तो खड्ड्यांसाठी.

आता गाडी २ इंच खाली घेतली. मोकळी जागा राहिली २ इंच. मालाला तर ३ इंच हवेत! मग काय होईल? गाडी रबरावर बसेल. प्रत्येक गतिरोधकाला ठोका चेसिसला बसेल, मालाला बसेल आणि चालकाच्या पाठीला बसेल. कालांतराने चेसिसला चीर जाण्याचीही भीती असते.

कोणी सांगतो, "पाच पट्ट्यांतली एक काढून टाक, गाडी आपोआप खाली बसेल." बसेल खरी. पण सगळ्या पट्ट्या सारख्या जाडीच्या असतील तर पाट्याचे बळ पाचव्या हिश्शाने कमी होईल. जे ओझे आधी ३ इंच दाबत होते, ते आता पावणेचार इंच दाबेल. म्हणजे जागाही कमी आणि बळही कमी. दुहेरी तोटा.

खाली घेण्याचे प्रकार

पहिली गोष्ट, गाडीखाली वाकून पाहावे. धुरा पाट्याच्या खाली आहे की वर? ही पाहणी फार महत्त्वाची, बरं का. धुरा पाट्याच्या वर असेल, तर दोहोंमध्ये लोखंडी ठोकळा घातल्याने गाडी खाली येते. पण धुरा पाट्याच्या खाली असेल, आणि मालाच्या पिकअपमध्ये बहुधा तसाच असतो, तर तोच ठोकळा गाडी उलट वर उचलतो. एकच वस्तू, पण काम अगदी उलटे.

दुसरा प्रकार म्हणजे खालचा धुरा पाट्याच्या वर नेऊन बसवणे. याने गाडी एकदम कित्येक इंच खाली येते. पण मग धुरा चेसिसला टेकू लागतो. जागा करण्यासाठी चेसिसला खाच पाडावी लागते. चेसिस म्हणजे गाडीचा कणा. मालाच्या गाडीचा कणा कापू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

तिसरा प्रकार शॅकल बदलण्याचा. पाट्याचे मागचे टोक ज्या झुलत्या पट्टीला अडकवलेले असते, ती शॅकल. पाट्याचे ते टोक २ इंच सरकले, तर मध्यावर धुऱ्यापाशी फरक पडतो साधारण १ इंच. बदल लहान आणि परत फिरवता येण्याजोगा.

चौथा प्रकार, पट्ट्या तितक्याच आणि तितक्याच जाडीच्या, पण कमी बाकाचा पाटा. यात पाट्याचे बळ टिकते. तांत्रिक दृष्टीने हा सर्वांत सरळ. मात्र दबण्याची जागा इथेही कमी होतेच.

पाचवा प्रकार, पाटा किंवा गोल स्प्रिंग गॅसने लाल करून बसवणे. हा कधीच करू नये. पोलादाला कारखान्यात जे पाणी दिलेले असते, ते या आचेने उतरते. असा पाटा आज खाली बसतो आणि उद्या भरल्या गाडीत तुटतो.

ब्रेकचे काय?

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अनेक पिकअप गाड्यांत मागच्या धुऱ्यापासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत सळई जोडलेली असते. गाडी भरून खाली बसली की सळई हलते, आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. गाडी रिकामी असली की कमी मिळतो. आपण गाडी मुद्दाम खाली घेतली, तर त्या व्हॉल्व्हला वाटते की गाडी भरलेली आहे. रिकाम्या गाडीला तो भरल्या गाडीचा ब्रेक देतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर मागची चाके जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. इथे झोक नाही, जीव पणाला लागतो.

याशिवाय पुढची बाजू खाली घेतली तर चाकांची ठेवण बदलते आणि टायर एका कडेने झिजतात. नुसती मागची बाजू खाली गेली तर पुढच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

ही हौस कुठली?

मूळ हौस अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातले मेक्सिकन वंशाचे तरुण मोटारी खाली घेऊ लागले. कोणी डिकीत वाळूची पोती ठेवी, कोणी स्प्रिंगा कापी. तेव्हा तिथे कायदा झाला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमपेक्षा खाली नसावा. यावर १९५९ मध्ये रॉन अगिरे याने तोड काढली. त्याने गाडीला तेलाच्या दाबावर चालणारे पंप बसवले. गाडी हवी तेव्हा वर, हवी तेव्हा खाली! तिथली ही बंदी २०२४ पासून उठली आहे. पण ध्यानात घ्या, त्या गाड्या मिरवण्याच्या होत्या. त्यांच्या मागे सिमेंटची पोती नव्हती.

आपला कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम ५२ सांगते की कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या गोष्टींशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सीएनजी किट किंवा अपंग व्यक्तीसाठी केलेला बदल यांसारख्या गोष्टींना रीतसर मंजुरीने वाट ठेवली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ असाच कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. जादा माल भरला तर २०,००० रुपये, आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.

मालाच्या गाडीला फिटनेसचा दाखला लागतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. बदललेली गाडी तिथे अडू शकते. अपघात झाला तर विमा कंपनीही हरकत घेऊ शकते. मग हप्ता कोण भरणार?

मग करावे काय?

हौद्याची उंची हाच त्रास असेल, तर गाडी कापण्याची गरज नाही. भक्कम फळीचा उतार करावा. त्यावर चाकाची ढकलगाडी चालते आणि कंबर वाचते. नवी गाडी घ्यायची असेल, तर विकत घेण्याआधीच टेप लावून हौद्याची उंची मोजावी. २००५ साली आलेली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, अशा कमी उंचीच्या गाड्यांपैकीच.

आणि गाडी न विचारता आपोआप खाली बसली असेल तर? तो झोक नव्हे, तो आजार आहे. पाटा थकला असेल, पट्टी तुटली असेल, बुश झिजले असतील किंवा यू बोल्ट सैल झाले असतील. सपाट जागी रिकामी गाडी उभी करून दोन्ही बाजूंची उंची मोजा. एक बाजू खाली असेल, तर पाटेवाल्याकडे न्या. पाटा बदलायचा झाला तर कारखान्याच्या मापाचाच घाला, आणि शक्यतो दोन्ही बाजूंचा.

शेवटी एक काम आजच करा. गाडीचे नोंदणीपत्र काढा आणि स्वतः वाचा. त्यावर दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचे वजन, दुसरे भरलेल्या गाडीचे. समजा, पहिला १,७०० किलो आणि दुसरा ३,००० किलो आहे. मोठ्यातून लहान वजा करा. १,३०० किलो उरले. चालक, सोबतचा माणूस आणि माल, सारे मिळून एवढ्यातच बसले पाहिजे. उद्या कोणी म्हणाला, "भर रे, गाडी ओढते," तर त्याला हा आकडा दाखवा.

ध्यानात ठेवा

१. धुरा आणि रबर यांमधली जागा हीच गाडीची शिल्लक.
२. पट्टी काढू नये, पाटा तापवू नये, चेसिस कापू नये.
३. गाडीची उंची बदलली की ब्रेकही बदलतो.
४. माल चढवायला फळी लावावी. गाडी कारखान्याने दिली तशीच ठेवावी.